पोचय्याचा माग आणि गल्लीचा नेम

बसा मित्रांनो, जरा टेकून बसा. बाभळीच्या लाकडाचा, सांधे ढिले झालेला एक म्हातारा हातमाग तुमच्याशी बोलतो आहे. माझा आवाज खडखडतो, त्याला हसू नका. मला इतक्या वेळा उकलले आणि इतक्या वेळा पुन्हा जोडले, की माझ्या खुंट्या आता भोकांत नीट बसत नाहीत. थकलो आहे मी. पण तुम्ही लहान आहात, उद्या तुम्हालाही घरे बांधायची आहेत, म्हणून सांगतो.

१९२३ साली मंद्रूपच्या एका सुताराने मला घडवले. ती बाभूळ त्याने बैलगाडीसाठी राखून ठेवली होती. पण सोलापुराहून एक सडपातळ तरुण पायी त्याच्याकडे गेला आणि ओट्यावर बसूनच राहिला. लाकूड हवे तर हेच, म्हणाला. सुतार आधी चिडला, मग हसला आणि त्याने करवत काढली. त्या तरुणाचे नाव पोचय्या. तो तेलुगू बोलणारा विणकर. निजामाच्या मुलखाला तेव्हा आमच्याकडे मोगलाई म्हणत. तिथल्या एका खेड्यातून तो बायकोला, नागम्माला, घेऊन सोलापुरात आला होता. गावाकडे सुताला भाव नव्हता आणि पोटाला भाकरी नव्हती.

मी खड्ड्याचा माग आहे. म्हणजे काय, ते सांगतो. घरातल्या जमिनीत एक खड्डा खणतात. विणकर जमिनीवर बसून त्या खड्ड्यात पाय सोडतो. खाली लाकडाच्या पावड्या असतात, त्या पायाने दाबायच्या. वर एका हाताने दोरी ओढायची, म्हणजे धोटा इकडून तिकडे पळतो आणि आडवा धागा पडतो. तेव्हा मला नुसते छप्पर पुरत नाही, पायाखालची जमीनही लागते. आणि भाड्याच्या घरात जमीन खणू कोण देणार?

पोचय्याच्या वाट्याला आलेला सगळा त्रास इथूनच सुरू झाला.

सोलापूर तेव्हा फुगत चालले होते. गिरण्यांच्या भोंग्यावर सारे शहर उठायचे. आसपासच्या तालुक्यांतून आणि मोगलाईतून माणसे येत होती. माणसे येत होती, पण घरे तेवढीच होती. पहिल्या घरमालकाने खड्डा खणू दिला आणि वर्ष सरायच्या आत भाडे वाढवले. दुसरा म्हणाला, तुझ्या मागाने माझ्या भिंती हादरतात. तिसऱ्याला जास्त भाड्याचे गिऱ्हाईक मिळाले. दर वेळी पोचय्या मला उकलायचा, माझे तुकडे हातगाडीवर रचायचा आणि नागम्मा खड्डा बुजवून त्यावर शेण सारवायची. आपल्यामागून येणाऱ्याला जमीन सपाट मिळावी म्हणून ती वाकून वाकून हात फिरवायची. मला ते पाहवत नसे.

मग आम्ही गोजाबाईच्या घरी आलो.

गोजाबाई विधवा होती. तिची एकुलती एक मुलगी वच्छला लग्न होऊन टेंभुर्णीला गेली होती. गोजाबाईचे घर दोन खोल्यांचे, मातीच्या भिंतींचे आणि वर पत्र्याचे. मागच्या खोलीत ती राहायची, पुढची तिने पोचय्याला दिली. खड्ड्याचे विचारले तेव्हा ती म्हणाली, "खण की बाबा. जिमीन काय वर आकाशात जातीया व्हय?"

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे ती. सकाळी सगळ्या गल्लीभर उभे धागे ताणून धरायचे आणि त्यांना खळ लावायची. गल्ली तेवढा वेळ अडायची. सुरुवातीला लोक कुरकुरले. पण गोजाबाई स्वतः काठी घेऊन धाग्यांपाशी शेळ्या हाकत उभी राहायची, तिच्यापुढे कोण बोलणार? नागम्मा रहाटावर सूत गुंडाळून धोट्याच्या कांड्या भरायची आणि गोजाबाईशी बोलत बोलत मराठी शिकायची. माझ्यावर विणलेल्या लुगड्यांचा काठ रुंद आणि घट्ट असे. बाजारात व्यापारी तो बोटांनी चाचपून म्हणत, "हा पोचय्याचा माल." मला त्याचा अभिमान वाटायचा.

गल्लीत शिवयोगी आप्पा नावाचे मोठे मानाचे गृहस्थ होते. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, घरात कानडी आणि बाहेर मराठी बोलणारे. त्यांचे भुसाराचे छोटे दुकान होते. गल्लीतले तंटे त्यांच्याच ओट्यावर मिटत. माणूस सरळ होता. पुढे जे झाले ते ऐकून त्यांना वाईट म्हणू नका.

झाले असे की, मुंबईच्या एका शेठने गल्लीच्या तोंडाची काही घरे दलालामार्फत विकत घेतली. शेठ कधी कुणाला दिसला नाही. दलाल मात्र आला आणि त्याने भाडी दुप्पट केली. गुंडा नावाचा एक हमाल होता. त्याचा जन्म त्याच घरातला आणि त्याच्या बापाचाही. त्याला भाडे झेपेना. एके सकाळी तो पोरांना आणि भांड्यांना गाड्यावर घालून निघाला. गल्ली दारात उभी राहून बघत होती. गुंडा कुणाकडे बघेना.

शिवयोगी आप्पांच्या ते मनाला लागले. त्यांनी मंदिरात सगळ्यांना बोलावले. "आज गुंडा गेला," ते म्हणाले, "उद्या तुमी, परवा मी. बाहेरचा पैसा येतोय आन् आपलीच माणसं रस्त्यावर पडत्यात. आजपासनं ह्या गल्लीतलं घर परक्याला विकायचं न्हाय. घ्या शपथ." घरमालकांनी बेलभंडारा उचलला. गोजाबाईनेही उचलला. तिच्या डोळ्यांपुढे तेव्हा तो मुंबईचा शेठ होता. पोचय्याही दाराशी उभा राहून मान डोलावत होता. बरे झाले, असे त्यालाही वाटले.

पुढे टेंभुर्णीहून निरोप आला. वच्छला आजारी होती, तिची पोरे लहान होती. आईने तिथेच येऊन राहावे, असे तिच्या घरच्यांचे म्हणणे. गोजाबाईने घर विकायचे ठरवले. ती पुढच्या खोलीत आली, माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "पोचय्या, तूच घे. तुला जमंल तेवढं दे. उरलेलं सावकाश दे."

पोचय्याचा पाय पावडीवरच थांबला. नागम्माच्या हातातली कांडी खाली पडली. दोघांनी लुगड्यामागून लुगडे विणून घरासाठी थोडे थोडे बाजूला टाकले होते. ते आता द्यायचे आणि उरलेले हळूहळू फेडायचे, असा मेळ बसत होता. त्या दिवशी पोचय्याने मला तेल लावले. आता तुला हलवायचे नाही, असे तो माझ्या लाकडाला हात लावून तेलुगूत म्हणाला.

पण गल्लीत कुजबुज सुरू झाली. मोगलाईतला माणूस घर घेतोय. शपथ मोडतेय. गोजाबाई तडक शिवयोगी आप्पांच्या ओट्यावर गेली. समोरच घर असल्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"आप्पा, पोचय्याला परका कसं म्हणता? इतकी वर्सं तुमच्या समोर ऱ्हातोय त्यो."

"ऱ्हातोय, मान्य हाय," आप्पा म्हणाले. "माणूसबी चांगला हाय. पर नेम म्हंजे नेम. आज त्याला सोडलं तर उद्या दुसरा येतोय, परवा तिसरा. आन् उद्या हा गावाकडं निघून गेला, तर घर कुणाच्या घशात जाईल, सांगा की?"

"त्याचं गाव हेच की आता! तो जाणार कुटं?"

"गोजाबाई, तुमी बेलभंडारा उचललाय."

गोजाबाई ओट्यावरून उठली. शपथेचे भय तिला खरोखरच होते. घरी आजारी मुलगी असताना शपथ मोडायची कशी? त्यानंतर काही दिवस ती आमच्या खोलीत आलीच नाही. मागच्या दाराने ये-जा करायची.

अशा वेळी आबासाहेब आले. आबासाहेब या गल्लीतच जन्मलेले. लहानपणीच पुण्याला गेले, तिथे ठेकेदारीत त्यांना पैसा मिळाला. फेटा, कोट, हातात काठी. गोजाबाईला त्यांनी वाकून नमस्कार केला. "गोजाक्का, मी परका थोडाच आहे? याच गल्लीत रांगलो मी. तुमचं घर मी घेतो."

"आन् पोचय्या?" तिने विचारले.

"त्याला कोण काढतंय? राहू दे की त्याला. माग चालू दे."

गोजाबाईने तो शब्द धरला. शिवयोगी आप्पा खूश झाले. घर आपल्याच माणसाकडे राहिले होते. निघताना गोजाबाई नागम्माला धरून रडली आणि म्हणाली, "तुला जागेवर ठिवून चाललीया, म्हणून तरी जातीया."

ती टेंभुर्णीला गेली आणि थोड्याच दिवसांत आबासाहेबांचा माणूस आला. घर रिकामे करा, म्हणाला. पोचय्याने शब्दाची आठवण दिली, तर तो म्हणाला, शब्द गोजाबाईला दिला होता, ती आता इथे नाही. मालकांना भाडेकरू नको होता. शहर वाढत होते, घराची किंमत आपोआप वाढणार होती. रिकामे घर विकायला सोपे पडते.

पोचय्या शिवयोगी आप्पांपुढे जाऊन उभा राहिला. तो कधी आवाज चढवत नसे, तेव्हाही चढवला नाही.

"आप्पा, तुमचा नेम परक्यासाटी हुता. मला काढणारा तर तुमचाच हाय."

आप्पांनी तराजूचे पारडे पुसायला घेतले. "घर त्याचं हाय, पोचय्या," ते म्हणाले. "मी काय बोलू?"

पोचय्याने मला उकलले. नागम्माने खड्डा बुजवला, सारवलाही. सारवून झाल्यावर ती तिथेच ओल्या जमिनीशेजारी बसली. पोचय्याला तिला दंडाला धरून उठवावे लागले. आबासाहेबांच्या माणसाने आमच्या मागे दाराला मोठे कुलूप घातले.

रेल्वेच्या रुळांपलीकडे पत्र्याची खोपटी होती. गुंडा हमालही तिथेच राहत होता. तिथे आम्हाला जागा मिळाली. पण खाली सगळा मुरूम. पहार मारली की ठिणगी उडायची. पोचय्याने कसाबसा उथळ खड्डा केला. त्यात त्याचे पाय पुरते सुटत नसत, तो वाकडा बसून विणायचा आणि उठताना कंबर धरायचा. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचले. माझ्या पावड्या फुगल्या, धागे ठोकून बसवणाऱ्या फणीला गंज चढला. लुगड्यांवर डाग पडू लागले. ज्या व्यापाऱ्याने कौतुक केले होते, त्यानेच माल परत पाठवला.

शेवटी पोचय्या गिरणीत कामाला लागला. माझे तुकडे भिंतीला उभे केले गेले. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. नागम्माला तिथले पाणी बाधले, ती फार दिवस अंथरुणाला खिळली आणि घरासाठी ठेवलेले सगळे औषधपाण्यात आणि भाड्यात गेले. बरी झाल्यावर एका पावसाळी दुपारी तिच्याकडे चूल पेटवायला सरपण नव्हते. तिने माझी एक पावडी उचलली, चुलीपाशी नेली, मांडीवर घेऊन बसली आणि परत आणून ठेवली. त्या दिवशी त्यांनी भिजवलेली डाळ तशीच खाल्ली. मित्रांनो, मी लाकूड आहे, मला रडता येत नाही. पण त्या दिवशीइतका मी कधी थकलो नव्हतो.

इकडे गल्लीत काय झाले, ते मला पुढे शिवयोगी आप्पांच्याच तोंडून कळले. गल्लीचा नेम कुणी मोडला नाही. घरे परक्याला गेली नाहीत. ती गेली आबासाहेबांकडे आणि त्यांच्यासारख्याच बाहेरगावी राहणाऱ्या दोघांकडे. सगळे इथेच जन्मलेले आणि कुणीच इथे न राहणारे. एकामागून एक दारांना कुलपे लागली. आप्पांचा मुलगा अण्णाराव लेकुरवाळा झाला होता, बापाच्या लहानशा घरात सगळ्यांची अडचण होत होती. गल्लीतच एखादे घर भाड्याने मिळावे म्हणून तो आबासाहेबांना भेटला. त्यांना भाडेकरू नकोच होता, त्यांनी मुद्दाम सांगितलेले भाडे त्याच्या ऐपतीबाहेरचे होते. मग तो बायकापोरांना घेऊन दुधनीला गेला आणि सासऱ्याच्या दुकानात बसू लागला.

आप्पांची बायको अक्कम्मा फार बोलणारी नव्हती. मुलगा गेला त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही. "परक्याला घर द्यायचं न्हाय म्हणालात," ती म्हणाली, "आपलंच लेकरू परकं झालं की. समोरच्या घरात दिवा न्हाय, आन् आपल्या घरात पोर न्हाय."

मग एक दिवस शिवयोगी आप्पा विचारत विचारत रुळांपलीकडे आले. नागम्माने त्यांना बसायला पोते अंथरले. ते बसले नाहीत. भिंतीला टेकवलेल्या माझ्याकडे त्यांनी पाहिले, एक कोंबडी उडवून लावली आणि माझ्यावर हात ठेवला.

"पोचय्या, आमचं चुकलं," ते म्हणाले. "माणूस कुटनं आला हे विचारत बसलो. घरात ऱ्हाणार हाय का, हे विचारायला पायजे हुतं. नेम बदललाय. लई भांडावं लागलं, दोन घरं अजून बोलत न्हाईत माझ्याशी. पर बदलला. जो ऱ्हाईल त्याला घर. आता तू घेऊ शकतोस."

पोचय्या थोडा हसला. ते हसू मला आवडले नाही. "आप्पा, तवा ऐपत हुती, तुमची परवानगी नव्हती. आता परवानगी हाय. पर घराचे भाव कुटं गेल्यात आन् मी कुटं हाय?"

आप्पांना ते कळत नव्हते असे नाही. त्यांनी खांद्यावरच्या उपरण्याने तोंड पुसले. "व्हय," ते म्हणाले. "ते मला परत आणता येत न्हाय. माझ्याकडं माझी पडवी हाय. अण्णाराव गेल्यापासनं मोकळीच हाय. आमी म्हातारा-म्हातारी हाव. तितं माग लाव. भाडं तू ठरव. आन् मी जित्ता हाय तवर ते वाढणार न्हाय."

नागम्माच पुढे आली. "आन् खड्डा?" तिने विचारले.

"खणा की," आप्पा म्हणाले. "अक्कम्मानं खुणा करून ठिवल्यात."

असा मी पुन्हा त्या गल्लीत आलो. माझ्या दोन खुंट्या नव्या घालाव्या लागल्या. पोचय्याची कंबर आता दुखते, गिरणी सोडून तो मागावर परतला, पहिल्यासारखा भरभर विणत नाही. पण विणतो. अक्कम्मा नागम्मापाशी बसून कांड्या भरायला शिकली आहे, दोघी कानडी, तेलुगू आणि मराठी यांची मिसळ करून बोलत असतात. समोर गोजाबाईचे घर तसेच बंद आहे. गेल्या पावसात त्याची मागची भिंत खचली. आबासाहेब अजून चांगल्या भावाची वाट पाहत आहेत.

परवा टेंभुर्णीहून गोजाबाई आली होती. वच्छला बरी झाली आहे. गोजाबाई आधी आपल्या दाराशी गेली, कुलपाकडे पाहिले, खचलेल्या भिंतीला वळसा घालून आली. मग तिला माझी खडखड ऐकू आली आणि ती पडवीत आली. नागम्माने तिला पाणी दिले आणि त्याच आठवड्यात माझ्यावरून उतरलेले लुगडे तिच्या पुढ्यात ठेवले.

गोजाबाई ते हातात घेईना. "मला तुला घर देता आलं न्हाई, बाई," ती म्हणाली. "आन् तू मला लुगडं देतीस?"

नागम्मा म्हणाली, "घर तुमीच दिलं हुतं की. विकलं तवा गेलं."

गोजाबाई ते लुगडे उचलून त्यात तोंड लपवून बसली. पोचय्याने माग थांबवला नाही. मला वाटते, त्याला तिच्याकडे बघवत नव्हते.

मित्रांनो, माझे आता फार दिवस उरलेले नाहीत. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या गल्लीचे नेम तुम्ही कराल. नेम जरूर करा. पैशाच्या जोरावर घरे घेऊन ठेवणाऱ्याला आवरलेच पाहिजे. पण दाराशी कुणी घर मागायला आला, तर तो कुठल्या मुलखातला, हे विचारायची घाई करू नका. तो संध्याकाळी इथे दिवा लावणार आहे का, तेवढे विचारा. आणि पोचय्यासारख्या माणसाची ऐपत असते तेव्हाच त्याला होकार द्या. उशीर केलात, तर मग तुमच्या चांगुलपणानेही त्याला घर मिळत नाही, फक्त पडवी मिळते.